अडकित्ता-संग्रह

सुपारी कातरण्याच्या, कारागिरांनी हाताने घडवलेल्या जुन्या अडकित्त्यांचा कलावस्तू म्हणून केलेला संचय. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील संग्रह विशेष प्रसिद्ध आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमवलेल्या दैनंदिन वापराच्या वस्तूंचा तो भाग असून १९७५ मध्ये त्यांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला (पहा : केळकर, दिनकर गंगाधर).

अडकित्त्याच्या दोन दांड्या एका टोकाला खिळीने जोडलेल्या असतात. वरचे पाते धारदार, तर खालची बाजू सुपारी टेकण्यापुरती बोथट. अंग पितळी असले तरी पाते लोखंडाचे वा पोलादाचे असते (पहा : पोलाद). पितळेवर धार टिकत नाही. दांड्यांना मोर, पोपट, घोडा किंवा स्त्री-पुरुष यांचे आकार दिलेले आढळतात. नमुना खरोखर वापरातला होता का, हे मात्र नक्षीपेक्षा पात्याची झीज आणि खिळीचा सैलपणा यांवरून अधिक कळते.

तांबूलाचा घरगुती व समारंभातील आचार आणि प्रादेशिक धातुकाम यांच्या अभ्यासाला हे संग्रह उपयुक्त ठरतात (पहा : तांबूल). केळकर संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत आहे.