हिश्शाचा हिशेब

शासन दलितांवर पैसा ‘खर्च’ करते, ही भाषाच मुळात सदोष आहे. ज्यांच्या श्रमावर गावगाडा चालला आणि ज्यांना त्या गाड्यात बसायला जागा मिळाली नाही, त्यांच्याकडे येणारा पैसा हा खर्च कसा? ती परतफेड आहे. परतफेड म्हटली की दयेची भाषा संपते आणि हिशेबाची सुरू होते. या हिशेबाचा इतिहास आपण पुरेसा वाचलेला नाही.

बाबासाहेबांनी तो फार पूर्वी मांडला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून रक्कम मागताना त्यांनी अलीगढ व बनारस विद्यापीठांना मिळणाऱ्या अनुदानाकडे बोट दाखवले. आजच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ त्या मागणीत आहे. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी संघ सरकारने दरवर्षी ५ कोटी रुपये वेगळे काढून ठेवावेत, असे कलमच त्यात आहे. पैसा नुसता द्यावा असे नव्हे, आधीच वेगळा काढावा, हा त्यातला विचार. राज्यघटनेत ४६ वे कलम आले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. अनुसूचित जातींसाठी अमुक रक्कम काढलीच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते.

पुढची तीस वर्षे धरणे झाली, कारखाने झाले. विकास वरून झिरपत खाली येईल, असे नियोजनकार सांगत राहिले. पाणी झिरपायलाही जमीन लागते. आमच्याकडे जमीनच नव्हती! अखेर १९७९-८० साली विशेष घटक योजना आली. केंद्राने व राज्यांनी आपल्या योजना-खर्चातून अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढावा, हे तिचे सूत्र. बाबासाहेबांचा विचार बत्तीस वर्षांनी सरकारी कागदावर उतरला.

पण लोकसंख्येच्या प्रमाणात म्हणजे कोणाच्या मोजणीने? १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के होते. १९९१ मध्ये ते ११ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत माणसे एवढी वाढली काय? नाही. १९५६ साली ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांना केंद्राने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले होते. राज्याने आपल्या सवलतींत नवबौद्धांना घेतले, केंद्राने मात्र १९९० पर्यंत नाकारले. ज्या मोजणीवर हिस्सा ठरणार, त्या मोजणीतून लाखो माणसे गळलेली होती. स्वाभिमानाची ही किंमत आपल्या समाजाने रोख मोजली आहे.

मोजणी सुधारली, तेव्हा पळवाटा तयार होत्या. सर्वांसाठी बांधलेल्या रस्त्याचा काही टक्के खर्च आपल्या नावावर मांडायचा, कारण त्या रस्त्यावरून दलितही चालतात! दिल्लीत तर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी या योजनेचे ६०० कोटींहून अधिक रुपये वळवले गेले आणि २०१० साली गृहमंत्र्यांना संसदेत ते कबूल करावे लागले. कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे २०१३ साली आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने या निधीसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात सर्वसाधारण कामांचा काही भाग दलितांवरचाच खर्च मानण्याची मुभा देणारे कलम होते. ते २०२३ साली रद्द झाले आणि त्याच वर्षी सुमारे ११ हजार कोटी रुपये सर्वांसाठीच्या ‘हमी’ योजनांकडे लावले गेले. २०२५ साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ‘लाडकी बहीण’साठी वळवले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. गरीब बहिणींना पैसे मिळू नयेत, असे कोण म्हणेल? प्रश्न इतकाच, की ते आमच्याच डब्यातून का?

हे आकडे मला पुस्तकातून कळले नाहीत. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण हातात पडली ती परीक्षा-शुल्काची मुदत उलटल्यावर. मधल्या काळात आईने बचत गटातून पैसे उचलले, व्याजही तिनेच भरले. आज वर्गात माझा विद्यार्थी मान खाली घालून ‘सर, फी पुढच्या महिन्यात’ म्हणतो, तेव्हा मला आईचे ते व्याज आठवते. शासनाच्या विलंबाला आमच्या बाया कर्ज पुरवतात. मग लाभार्थी कोण?

२०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर खर्च हा भेद केंद्राने मिटवला. ज्या योजना-खर्चाच्या प्रमाणात हिस्सा मागायचा, ती मोजपट्टीच मोडली. म्हणून आता कायदा हवाच. पण ज्या समाजाला हिशेब वाचता येत नाही, त्याच्या हातात कायदाही कोराच राहतो.

अंदाजपत्रकात ‘७८९’ या क्रमांकाचे एक गौण शीर्ष असते. अनुसूचित जातींसाठीचा निधी त्याखाली दाखवतात. आपल्या किती पदवीधरांना ते ठाऊक आहे? आपण घटना वाचायला शिकलो, इतिहास वाचायला शिकलो. आता जमाखर्चाची वही वाचायला शिकले पाहिजे. सावकाराच्या वहीवर आमच्या आज्यांनी न वाचता अंगठे उठवले. त्यांना अक्षर येत नव्हते. आपल्याला ती सबब नाही.