एका बॅटरीची बखर

ज्या गावी इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ सालच्या ३१ डिसेंबरला देह ठेवला आणि जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळीत आले आहे, त्या धुळ्यात राहून बॅटरीचा इतिहास लिहायला बसावे, हे काही वाचकांना थिल्लरपणाचे वाटेल. इतिहास म्हटला की सनदा, ताम्रपट, निदान एखादी लढाई तरी हवी! पण आमच्या देवपुरात, पांझरेच्या या तीरावर, आग्रा रस्त्याच्या कडेने चालत गेले तर जी दुकाने लागतात, त्यांतही इतिहास साठलेला असतो. फरक इतकाच, की तो मोडीत लिहिलेला नसून मोडीत काढलेला असतो.

आमच्या शेजारी एक मिस्तरी राहतात. दारे, खिडक्या, कपाटे करणारे जातिवंत सुतार. त्यांच्या पेटीत रंधा आहे, पटाशा आहेत, वडिलांच्या वेळचे गिरमिट आहे, आणि त्यांच्याच शेजारी निळ्या रंगाचे एक चार्जिंगचे ड्रिल यंत्र आहे. भारनियमनाच्या दिवसांत, वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नव्हता तेव्हा, त्यांनी ते घेतले. दिवसभर वीज नसली तरी स्क्रू मारणे अडत नाही, म्हणून त्या यंत्राने त्यांचा संसार बऱ्यापैकी ओढला. खंडेनवमीला रंध्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागते. चारपाच वर्षांनी एके दिवशी मिस्तरी ते हातात घेऊन माझ्याकडे आले आणि अहिराणीत म्हणाले, "सर, मशीन चांगली शे, पन बॅटरी मरी गई."

दुखणे एवढेच होते. मोटर खणखणीत, चक नीट, दाते शाबूत. पण त्या घाटाची बॅटरी करणे कंपनीने बंद केले होते, आणि नवी निघालेली बॅटरी जुन्या यंत्रात शिरत नव्हती. तिचा खटका निराळा, खाच निराळी. दुकानदाराने सरळ सांगितले, नवे यंत्रच घ्या. मिस्तरींना हे पटेना. ते म्हणाले, करवतीचा दांडा मोडला म्हणून कुणी करवत टाकून देतो का? त्या प्रश्नाने मला मागे नेले, आणि ते थेट याच रस्त्यावर.

मुंबईहून नाशिक, मालेगाव, धुळे, पुढे इंदूर असा जाणारा हा आग्रा रस्ता. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात मुंबई आणि आग्रा तारायंत्राने जोडली गेली, ती याच वाटेच्या आधाराने. कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी हे काम अंगावर घेतले होते. १८५४ साली लांब पल्ल्याच्या तारा बोलू लागल्या आणि १८५५ च्या फेब्रुवारीत त्या सामान्य लोकांसाठी खुल्या झाल्या. आता ती तार बोलायची कशाच्या जोरावर? विजेचे कारखाने तर नव्हतेच. जोर होता तो घटमालेचा, म्हणजे बॅटरीचा.

हिंदुस्थानच्या तारखात्याने फार वर्षे वापरलेला एक घट मिनोत्तो नावाच्या इटालियन गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. त्याची रचना इतकी साधी, की आपल्या स्वयंपाकघरातली बरणीच डोळ्यांपुढे आणावी. तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यांवर वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा ओला थर, आणि सर्वांत वर जस्ताची चकती. एका बरणीतून साधारण एक व्होल्ट मिळे. अशा बरण्या ओळीने जोडल्या की तार बोलू लागे. वीज देता देता जस्त झिजायचे आणि मोरचूद संपायचा. मग तारबाबू काय करी? जस्त बदली, मोरचूद घाली, पाणी शिंपडी, आणि तीच बरणी पुन्हा कामाला लागे. बॅटरी मेली म्हणून तारायंत्र फेकून द्यावे, ही कल्पनाही कुणाला शिवली नसती. ती तार २०१३ सालच्या जुलैत कायमची बंद झाली. घटमाला त्याच्या पुष्कळ आधीच अडगळीत गेली होती.

मला यातली मौज वाटते ती अशी, की बॅटरीचा जन्मच मुळी दुरुस्त होण्याच्या अवस्थेत झाला. १८०० साली व्होल्टाने जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्यांची चळत रचली, तीही मोकळी होती. कुठली चकती खराब झाली हे डोळ्यांना दिसत होते. १८५९ साली प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी काढली, तिचीही गोष्ट बराच काळ हीच होती. जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांचे काळे पेटारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वरचा डांबराचा थर आठवेल. बॅटरीवाला तो थर तापवून उकरी, आतल्या प्लेटा बाहेर काढी, गेलेल्या टाकून नव्या बसवी आणि पुन्हा डांबर ओती. त्याच्या दुकानात आम्लाचा आंबट वास आणि त्याच्या सदऱ्याला बारीक बारीक भोके! आम्लाने पडलेली ती भोके म्हणजे त्या धंद्याचा बिल्लाच होता.

मग कोरडा सेल आला. लक्लांशेने १८६६ साली त्याचे मूळ शोधले, पुढे विसेक वर्षांत तो कोरडा आणि बंद डब्यातला झाला, आणि विजेरीत बसून खेडोपाडी पोचला. येथे पहिल्यांदा बॅटरी ही फेकून देण्याची वस्तू झाली. तरीही खानदेशी माणूस ती सुखासुखी फेकणार थोडाच! रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी सकाळी विजेरीतले सेल काढून ओट्यावर उन्हात मांडून ठेवी. त्याने थोडा गुण येई, हे खोटे नाही. उष्णतेने आतल्या मसाल्याची क्रिया जरा वेग धरते आणि उरलासुरला जोर बाहेर पडतो. पण तो सेल भरला जात नसे. तळाशी राहिलेले ताक ढवळून घ्यावे, तेवढाच तो प्रकार. विजेशिवाय चालणाऱ्या जुन्या रेडिओंना ९० व्होल्टची मोठी बॅटरी लागे. वरून ती एकसंध पुठ्ठ्याची पेटी दिसायची. पण आत दीड दीड व्होल्टचे साठ लहान सेल एकामागे एक जोडलेले असत. त्या साठांतले दोनतीन गेले, की गाणे घोगरे व्हायचे.

हा साठांचा संसार वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण मिस्तरींच्या ड्रिलचे दुखणे नेमके तेच आहे.

तारेविना चालणारे ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. त्यात जी बॅटरी होती ती निकेल आणि कॅडमियम या धातूंची; तिचा शोध स्वीडनच्या युंग्नरने १८९९ सालीच लावला होता. दहा वर्षांत, १९७१ साली, अपोलो १५ च्या वीरांनी चंद्राच्या पृष्ठभागात बॅटरीच्याच ड्रिलने भोके पाडली. १९७८ साली जपानच्या माकिता कंपनीचे ७.२ व्होल्टचे ड्रिल निघाले. पुढे ९.६, १२, १४.४ आणि १८ असे आकडे येत गेले. हे आकडे पाहून कुणाला वाटेल, कारखानदारांना सरळ मोजता येत नाही की काय? वस्तुतः हिशेब चोख आहे. निकेल-कॅडमियमच्या एका सेलचा दाब १.२ व्होल्ट. सहा सेल जोडले की ७.२, दहा जोडले की १२, पंधरा जोडले की १८. मिस्तरींचे यंत्र १२ व्होल्टचे. म्हणजे त्या निळ्या कवचात दहा सेल.

आमच्या भागातल्या एका मेकॅनिककडे ते कवच उघडले, तेव्हा मीही तिथे होतो. आत पिवळ्या कागदात गुंडाळलेले दहा गलेलठ्ठ सेल, एकमेकांना निकेलच्या पट्ट्यांनी डागलेले. त्याने मीटर लावून एकेकाची नाडी पाहिली. आठ बरे होते. एक शून्यावर होता. दहावा मात्र चक्क उलटा झाला होता, जिथे धन असावे तिथे ऋण दाखवीत होता. याचे कारण मोठे बोधप्रद आहे. ओळीत जोडलेल्या सेलांपैकी जो अशक्त असेल तो आधी रिकामा होतो. पण बाकीचे नऊ थांबत नाहीत, ते त्याच्यातून प्रवाह ढकलीतच राहतात, आणि त्या धक्क्याने तो बिचारा उलटा भरला जातो. एकत्र कुटुंबात असे सेल पुष्कळांनी पाहिले असतील.

पहिला उपाय ओघानेच आला, दोन गेलेले सेल बदलण्याचा. मेकॅनिकने आधीच बजावले होते, की नव्या सेलांची जुन्यांशी जोडी जमत नाही. झालेही तसेच. काही महिने यंत्र चालले, मग तिसरा सेल बसला.

दुसरा उपाय मिस्तरींचा स्वतःचा, आणि तो अस्सल खानदेशी. कापसावर फवारणी करायचे पाठीवरचे बॅटरीचे पंप आता गावोगाव झाले आहेत. त्यांत बव्हंशी १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. मिस्तरींच्या भावाकडे असा एक फुटका पंप पडून होता. त्यातली बॅटरी त्यांनी पिशवीत घालून खांद्याला अडकवली, तिच्यापासून ड्रिलपर्यंत जाड तार आणली, आणि कामाला लागले. तार जाड हवी, हे त्यांना मेकॅनिकने शिकवले होते. लाकडात स्क्रू अडला की असे ड्रिल दहा, वीस अँपिअरदेखील ओढते. बारीक तार वापरली तर तिचीच शेगडी होते. या उपायाने दोन वर्षे निघाली. तारेविना चालावे म्हणून घेतलेल्या यंत्राला पुन्हा तार लागली आणि वर अडीच किलोंचे ओझे, ही गोष्ट वेगळी! पण काम अडले नाही.

तिसऱ्या उपायाआधी दोन शब्द लिथियमविषयी सांगितले पाहिजेत. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली आणि २०१९ साली त्या शोधाच्या तिघा जनकांना नोबेल पारितोषिक मिळाले. हत्यारांत ती २००५ च्या सुमारास शिरली. तिचा एक सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे निकेलच्या तीन सेलांचे काम एकटा करतो, आणि वजनाला हलका. युरोपात तर २०१६ सालच्या अखेरीस चार्जिंगच्या हत्यारांत निकेल-कॅडमियम वापरायला मनाईच झाली, कारण कॅडमियम हे विष आहे. लोकांनी जुने यंत्र फेकले नाही, तर जुन्या यंत्राला हे नवे हृदय बसवायचे कसे, एवढाच प्रश्न उरला.

काहींनी मधला तुकडा काढला आहे. वर जुन्या घाटाची खाच, खाली नव्या घाटाची. त्याने नवी बॅटरी जुन्या यंत्राला लागते. मला ही युक्ती आवडते, पण तिच्यात एक मेख आहे. लिथियमची बॅटरी ठराविक मर्यादेखाली रिकामी होऊ देता कामा नये. कित्येक नव्या हत्यारांत ही राखण यंत्रच करते, बॅटरी करीत नाही. जुन्या यंत्राला ते ज्ञान कुठले? ते शेवटच्या थेंबापर्यंत पीत राहते आणि महागडी बॅटरी कायमची बसते. तेव्हा राखण कोण करतो, हे आधी पाहावे.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्याच आकाराचे निकेल-मेटल-हायड्राइडचे दहा सेल घालणे. दाब तोच, साठा जास्त, कॅडमियम नाही. पण जुना चार्जर त्यांना कधीकधी वेळेवर सोडीत नाही आणि सेल तापतात. आमच्या मेकॅनिकने जुना चार्जर तपासला आणि मान हलवली. म्हणून त्याने लिथियमचे तीन सेल घ्यायचे ठरवले. तीन मिळून १०.८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६, १२ व्होल्टच्या मोटरला हे मानवते. कुणी तरी लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्तात देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. ते सेल सावकाश वीज देण्याच्या सवयीचे. ड्रिलचा हिसका त्यांना झेपत नाही. जोराचा प्रवाह सोसणारे नवे सेल मागवले. ते त्याने कैयाने डागले नाहीत, कारण त्या आचेने सेलच्या आतली बांधणी बिघडते. निकेलच्या पट्ट्या क्षणभराच्या ठिणगीने चिकटवल्या. सोबत बोटाएवढी रक्षक पट्टी बसवली, जी सेल फार भरू देत नाही आणि फार रिकामे होऊ देत नाही. आणि नवा, लिथियमचा, १२.६ व्होल्टवर थांबणारा चार्जर दिला. जुन्या चार्जरला अशी बॅटरी लावणे म्हणजे घरात आगीला आवतण देणे होय.

हे काम ज्याला येते त्यानेच करावे. दिवाळीच्या सुटीत हौसेखातर मुलांना घेऊन करण्याचे ते नव्हे. मिस्तरींनी खर्च दिला तो नव्या यंत्राच्या किमतीच्या एका लहानशा हिश्शाएवढा होता.

उरले ते जुने दहा सेल. आपल्याकडे २००१ सालचे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या नियमांनी सर्व जातींच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. कायदा दिल्लीत झाला आणि सेल देवपुरात आहेत, या दोहोंमधले अंतर अजून पुरते कापले गेलेले नाही. तोवर ते सेल टोकांना चिकटपट्टी लावून मेकॅनिकच्या फळीवरच्या डब्यात बसले आहेत. कचऱ्यात नाहीत आणि शेकोटीत नाहीत, हेही काही कमी नव्हे.

यंत्र आता धावते आहे. या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतली चार दारे मिस्तरींनी त्याच्यावरच बसवली. त्यांनी निळ्या कवचावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे, "आत ३ लिथियम सेल. जुना चार्जर लावू नये." खाली तारीख घातली आहे. कित्येक ताम्रपटांवर तीसुद्धा नसते.