मजुरी वाढली, हमीचे काय झाले?

किमान मजुरी वाढवली की रोजगार घटतो, हे विधान पाठ्यपुस्तकांनी इतके घोटले की त्याला सिद्धान्ताचा मान मिळाला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी त्याला धक्का दिला. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने तासाची किमान मजुरी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ती वाढली नाही. दोन्हीकडच्या फास्टफूड दुकानांच्या तुलनेत न्यू जर्सीतला रोजगार घटलेला दिसला नाही. पुढे न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रके तपासून या निष्कर्षाला आव्हान दिले. मला मात्र त्याआधी चार वर्षे महाराष्ट्रात जे घडले ते अधिक बोलके वाटते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. खर्चासाठी व्यवसाय कर आणि त्याच्या जोडीला तेवढाच सरकारी वाटा. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती अशी कष्टाची कामे आणि बेताची मजुरी. त्यामुळे खरा गरजूच तिथे येई.

मे १९८८ मध्ये शेतमजुरीचे किमान दर दुप्पट झाले आणि हमीचे दरही त्याबरोबर वाढले. त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. १९८७ च्या दुष्काळानंतर पाऊस चांगला झाला होता, म्हणून कामाची गरजच कमी झाली, असे म्हणता येईल. पण मजुरी दुप्पट झाली की काम मागणारे वाढायला हवेत. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये मासिक आकडेवारी तपासून दाखवले, की वाढीनंतर कामाचे रेशनिंग सुरू झाले. मागणाऱ्या सर्वांना काम मिळेनासे झाले.

याला 'पाठ्यपुस्तक खरे ठरले' म्हणावे का? मला तसे वाटत नाही. खासगी मालक नफ्याचा हिशेब करून माणसे कमी करतो. इथे मालक शासन होते आणि काम देणे ही त्याची कायदेशीर जबाबदारी होती. दर दुप्पट केला, तर तेवढ्याच माणसांसाठी तरतूदही जवळजवळ दुप्पट लागते. ती न वाढवता दोन्ही आश्वासने पाळता येत नाहीत. दर कागदावर छापलेला असतो, म्हणून कात्री लागली ती हमीला. आणि काम न मिळालेल्याचे नाव हजेरीपटावर नसते.

म्हणूनच किमान मजुरीच्या वादात 'किती?' याइतकाच 'पैसे कोण देणार?' हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.