राखीव गोलरक्षक

सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंचीं चित्रें मिळण्याचा काळ आतां मागें पडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पाकिटाला ताठपणा यावा म्हणून घातलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चित्र छापण्याची कल्पना निघाली, आणि पुढें तो तुकडाच पाकिटाहून मोलाचा ठरला. कॅनडांत १९१० च्या सुमारास बर्फावरील हॉकीपटूंचीं अशीं चित्रें निघालीं. जर्मनींत १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांचे दोन संग्रह निघाले. गोळा केलेलीं चित्रें त्यांत चिकटवावयाचीं असत. अशा चित्रांत गोल करणारा वीर सहज शोभून दिसतो. गोल अडविणाऱ्याकडे त्यामानानें लक्ष कमी जातें. मग आपली पाळी येईल म्हणून वाट पाहणाऱ्या राखीव गोलरक्षकाची आठवण कोणी ठेवावी?

या उपेक्षित जागेचा विचार करूं लागल्यास प्रथम रिचर्ड अ‍ॅलन यांचें नांव पुढें येतें. त्यांचा जन्म १९०२ सालीं नागपुरास झाला. लोणारजवळच्या सुलतानपुरापासून नागपुरापर्यंत पसरलेल्या विदर्भानें अभिमान बाळगावा असाच हा पुरुष. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें भारतानें पांच सामन्यांत २९ गोल केले. अ‍ॅलन यांनीं एकही होऊं दिला नाहीं. अंतिम सामन्यांत खुद्द हॉलंडचा ३-० असा पराभव झाला.

चार वर्षांनीं लॉस एंजेलिस येथें मात्र स्थिति निराळी होती. जागतिक मंदी व लांबचा प्रवास यांमुळें हॉकींत तीनच संघ उतरले, आणि भारताच्या वांट्यास दोनच सामने आले. गोलरक्षकहि दोन होते: अ‍ॅलन आणि आर्थर हिंड. त्या काळीं सामना चालूं असतां खेळाडू बदलण्याची मुभा नव्हती. ज्याचें नांव आरंभीं अकरांत नाहीं, त्याचा तो दिवस बाहेर बसण्यांतच जाई. दोघांच्या वांट्यास एकेक सामना आला. ४ ऑगस्ट १९३२ रोजीं हिंड जपानविरुद्ध उभे राहिले. भारत ११-१ असा जिंकला. ११ ऑगस्टला अ‍ॅलन अमेरिकेविरुद्ध उभे राहिले, निकाल २४-१. ऑलिंपिक हॉकींतील तो विक्रम आजहि अबाधित आहे.

अमेरिकेचा तो एकुलता गोल झाला तेव्हां अ‍ॅलन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देण्यांत गुंतले होते, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीहि असो, तिच्यामुळें अ‍ॅलन यांचा गोलहि लोकांच्या स्मरणांत राहिला. हिंड यांनींहि एकच गोल होऊं दिला. परंतु त्याची आख्यायिका झाली नाहीं. दोघांचें कार्य सारखें, पदक सारखें. कीर्ति मात्र सारखी नाहीं.

१९३६ सालीं बर्लिन येथें अ‍ॅलन चार सामने खेळले आणि सिरिल मिची एक. अंतिम सामन्यांत जर्मनीनें एक गोल केला व भारतानें आठ केले. संपूर्ण स्पर्धेंत भारतावर झालेला तो एकच गोल. तीन ऑलिंपिकांत मिळून अ‍ॅलन यांच्यावर दोनच गोल झाले.

या आकड्यांचें श्रेय अ‍ॅलन यांना द्यावें तितकें थोडेंच. तथापि हिंड आणि मिची यांच्या एकेका सामन्याचेंहि मोल विसरतां येत नाहीं. ज्याला दुसरी संधि मिळण्याची शाश्वति नाहीं, त्याला पहिलीच संधि अखेरची मानून उभें राहावें लागतें. चित्रसंग्रहांत त्याची जागा रिकामी राहिली, तरी इतिहासानें ती भरून काढावयास हवी.