पोत्सुओलीची हलती जमीन

इटलींतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस, समुद्राच्या कांठीं, पोत्सुओली नांवाचें एक फार जुनें गांव आहे. १३ मार्च २०२५ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर एक वाजून पंचवीस मिनिटांनीं, या गांवाला आणि त्याच्या लगतच्या वस्तीला भूकंपाचा जबर धक्का बसला. त्याचें मान ४.६ होतें. जगाच्या हिशेबांत हा धक्का मध्यमच म्हणावयाचा. परंतु तो जमिनीखालीं अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर झाला. त्यामुळें भिंतींना तडे गेले आणि लोक अंथरुणांतून उठून मुलाबाळांसह रस्त्यावर आले. 'महाज्वालामुखी' हा शब्द वर्तमानपत्रांतून पुन्हां मोठ्या अक्षरांत छापला गेला.

आतां स्फोट होणार काय? हा प्रश्न पोत्सुओलीच्या माणसाला नवा नाहीं. गेल्या पांचशें वर्षांत चार मोठ्या प्रसंगीं तो विचारला गेला. एकदां त्याचें उत्तर 'होय' असें मिळालें, दोनदां 'नाहीं' असें मिळालें, आणि चौथ्या वेळचें उत्तर अजून यावयाचें आहे. या चार प्रसंगांची हकीकत आज सांगावयाची आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला एवढेंच. पण हा विषय असा आहे कीं येथें शास्त्रज्ञालाहि इतिहासाचीं पानें चाळावीं लागतात.

ज्वालामुखी म्हटला कीं व्हेसुव्हिअससारखा उंच, धुमसणारा सुळका डोळ्यांपुढें उभा राहतो. येथें तसें कांहीं नाहीं. येथें आहे ती एक अवाढव्य कढई, बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीची. तिचा सुमारें एक तृतीयांश भाग समुद्राखालीं आहे आणि उरलेल्या भागावर गांवें, द्राक्षाचे मळे व नेपल्सचे कांहीं मोहल्ले वसलेले आहेत. हिला काम्पी फ्लेग्रेई म्हणतात. 'जळणाऱ्या' या अर्थाचा ग्रीक शब्द त्या नांवांत आहे. सुमारें चाळीस हजार वर्षांपूर्वीं येथें जो स्फोट झाला, त्याची राख रशियांतील डॉन नदीच्या खोऱ्यापर्यंत सांपडते. पंधरा हजार वर्षांपूर्वींच्या दुसऱ्या मोठ्या स्फोटांतून जो पिवळा दगड बनला, त्याच दगडानें पुढें नेपल्सचीं घरें बांधलीं गेलीं. त्यानंतर सत्तरांच्या आसपास उद्रेक झाले, ते बहुतेक पुष्कळच लहान. 'महाज्वालामुखी' हा शब्द खोटा नाहीं, पण तो चाळीस हजार वर्षांपूर्वींच्या प्रलयाकडे बोट दाखवितो. उद्यां उद्रेक झालाच तर तो लहान असण्याचा संभव अधिक, असें जाणते सांगतात. अर्थात् ज्याच्या अंगणांत तो होईल त्याला लहान काय आणि मोठा काय!

रोमन लोकांच्या काळीं पोत्सुओली हें मोठें बंदर होतें. येथली राख चुन्यांत मिसळली कीं तो चुना पाण्याखालींहि दगडासारखा घट्ट होतो, हें त्यांनीं ओळखलें आणि त्यावर धक्के बांधले. शेजारच्या बाया या गांवीं श्रीमंतांचे महाल होते. त्यांतील कित्येकांच्या फरशा आज समुद्राच्या तळाशीं आहेत व पाणबुड्यांना तेथें जाऊन त्या पाहतां येतात. जमीन खचली हें उघडच आहे. पण ती खचते तशी वरहि येते, याचा पुरावा पोत्सुओलीच्या जुन्या बाजारांत उभा आहे.

१७५० सालीं तेथें खणतांना संगमरवराचे तीन उंच खांब निघाले. सेरापिस देवाची मूर्ति सांपडल्यामुळें लोकांनीं त्या जागेला देऊळ ठरविलें, आणि तो मुळांत बाजार होता हें सिद्ध झालें तरी जुनें नांव सुटलें नाहीं. खांबांचा खालचा सुमारें बारा फूट भाग गुळगुळीत आहे. त्यावर नऊएक फुटांचा पट्टा चाळणीसारखा छिद्रांनीं भरलेला आहे. हीं छिद्रें दगड पोखरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या जातीच्या प्राण्यांनीं केलेलीं, आणि हे प्राणी फक्त समुद्राच्या पाण्यांत राहतात. तेव्हां हे खांब एके काळीं वीस फुटांहून अधिक पाण्यांत उभे होते. खालचा भाग गाळांत पुरलेला असल्यानें तेवढा बचावला. समुद्रच चढला असता तर भूमध्य समुद्राच्या सगळ्या बंदरांत त्याची खूण दिसली असती, ती दिसत नाहीं. म्हणजे हालली ती जमीन; बुडाली, पुन्हां वर आली, आणि हें सारें इतक्या सावकाश कीं खांब उभेच राहिले. चार्ल्स लायल या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानें १८३० सालीं आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या आरंभीं याच खांबांचें चित्र छापलें. एखाद्या बाजाराच्या खांबांनीं एवढ्या मोठ्या शास्त्राला साक्ष दिल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

आतां पहिला प्रसंग. १५०३ सालीं फर्डिनांड आणि इझाबेला या स्पेनच्या राजाराणीनें पोत्सुओलीच्या नगरसंस्थेला एक सनद करून दिली. समुद्र मागें हटून जी जमीन कोरडी पडत आहे, ती गांवाला दिली असा तिचा आशय. १५११ सालीं तसलीच दुसरी सनद निघाली. राजाच्या कचेरीला वाटलें, जमिनीचा लाभ झाला! खालून वर येणाऱ्या पृथ्वीच्या पोटांत काय शिजत आहे, हें कोणाच्या ध्यानीं यावें? पुढें १५३६ पासून दोन वर्षें धरणीकंप होत राहिले. १५३८ च्या सप्टेंबरअखेर ते जवळजवळ अखंड झाले, आणि त्रिपेर्गोले या खेड्याजवळची जमीन फुगून समुद्र एकाएकीं सुमारें दोनशें पावलें मागें गेला. कोरड्या वाळूवर मासे तडफडत होते. लोक ते टोपल्यांत भरून नेत होते. २९ सप्टेंबरला सूर्य मावळल्यावर जमीन फाटली आणि राख, दगड व चिखल यांचा वर्षाव सुरू झाला.

त्या रात्रींचीं वर्णनें पाहणाऱ्यांनींच लिहून ठेवलेलीं आहेत. पोत्सुओलीचीं माणसें चिखलानें माखलेलीं, कोणी मुलें कडेवर घेऊन, कोणी गाढवावर बिऱ्हाड लादून नेपल्सकडे निघालीं. कित्येकांच्या हातांत कांठावर मिळालेले मासे आणि आकाशांतून मरून पडलेले पक्षी होते. आपत्तींतहि माणसाला रात्रीच्या जेवणाची विवंचना सुटत नाहीं, ती अशी. आठवड्याभरांत तेथें सुमारें एकशें तीस मीटर उंचीची नवी टेकडी उभी राहिली. तिला 'मोंते नुओवो', म्हणजे नवा डोंगर, हेंच नांव पडलें. त्रिपेर्गोले आणि तेथलीं औषधी स्नानगृहें तिच्याखालीं कायमचीं गाडलीं गेलीं. ६ ऑक्टोबरला, आतां सारें शांत झालें असें समजून कांहीं लोक टेकडी पाहण्यास वर चढले असतां शेवटचा भडका उडाला आणि चोवीस माणसें दगावलीं. पोत्सुओली ओसाड पडलें. तेव्हां नेपल्सचा स्पॅनिश व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदो यानें कर माफ केले, स्वतःसाठीं तेथें वाडा बांधला, आणि 'मी राहतों, तुम्हीहि या' हें कृतीनें दाखविलें. गांव पुन्हां वसलें. त्या अधिकाऱ्याची ही गोष्ट मला पुढच्या प्रसंगाशीं ताडून पाहण्यासारखी वाटते.

मधल्या चारशें वर्षांत जमीन पुन्हां हळूहळू खचत होती. १८४१ सालीं व्हेसुव्हिअसच्या उतारावर वेधशाळा स्थापन झाली; ज्वालामुखीच्या अभ्यासासाठीं उभारलेली ही जगांतील पहिली वेधशाळा. भूकंपाची तीव्रता मोजण्याच्या पट्टीला ज्यांचें नांव आहे ते मेर्काली तिचे संचालक होते. पण तिचें सारें लक्ष व्हेसुव्हिअसवर असे, त्यामुळें पोत्सुओलीकडे यंत्रें थोडीं होतीं.

अशा स्थितींत दुसरा प्रसंग आला. १९७० च्या आरंभीं असें लक्षांत आलें कीं धक्का आणि कांठावरचीं घरें वर उचललीं जात आहेत. बंदराजवळच्या उंचवट्यावर रियोने तेर्रा नांवाची अत्यंत जुनी वस्ती होती. कोळी व हातावर पोट असलेलीं माणसें तेथें पिढ्यान् पिढ्या राहत. २ मार्च १९७० रोजीं तेथें पोलीस व सैनिक आले आणि सुमारें तीन हजार माणसांना हातीं लागेल तें सामान घेऊन बाहेर काढलें. १९७२ पर्यंत जमीन दीड मीटरांहून अधिक उचलली आणि मग थांबली. स्फोट झाला नाहीं. परंतु माणसें परत आलीं नाहींत. त्यांना परत येऊं दिलें गेलें नाहीं. त्यांची सोय तोयानो नांवाच्या नव्या वसाहतींत झाली. सरकारचा डोळा ज्वालामुखीवर नसून मोक्याच्या जागेवर होता, असा संशय कित्येकांच्या मनांत घर करून बसला.

संशय खरा कीं खोटा याचा निवाडा मी करीत नाहीं. सरकार भ्यालें, हें समजण्यासारखें आहे. १५३८ ची हकीकत ज्याला ठाऊक आहे तो भ्यालाच पाहिजे. पण भीति सरल्यावर घरें परत न देणें, ही गोष्ट ज्वालामुखीनें केली नाहीं. पुढें त्या रिकाम्या टेकडीखालीं उत्खननांत रोमन रस्ते आणि दुकानें निघालीं. १९६४ च्या आगींत जळालेलें, रोमन देवळाच्या अंगावरच बांधलेलें तेथील कॅथीड्रल २०१४ सालीं पुन्हां उघडलें. आज प्रवासी तेथें हिंडतात. ज्यांची ती वस्ती होती त्यांचीं नातवंडेंहि तिकीट काढून आपल्या आजोबांची गल्ली पाहूं शकतात.

तिसरा प्रसंग १९८२ ते १९८४ चा. या वेळीं जमीन सुमारें १.८ मीटर उचलली. बंदर इतकें उथळ झालें कीं होड्यांसाठीं खालच्या पातळीवर नवा धक्का बांधावा लागला. दोन वर्षांत सुमारें सोळा हजार धक्के नोंदले गेले. १ एप्रिल १९८४ या एकाच दिवशीं सुमारें सहा तासांत पांचशेंहून अधिक! ४ ऑक्टोबर १९८३ च्या मोठ्या धक्क्यानंतर सुमारें चाळीस हजार लोकांना हलविण्यांत आलें आणि त्यांच्यासाठीं मोंतेरुशेल्लो नांवाचें नवें उपनगर उभारलें गेलें. आणि मग १९८४ च्या अखेरीस, जशी आली तशी, ती हालचाल थांबली.

भूकंपाची साधी रीत अशी कीं एक मोठा धक्का बसतो व मागून लहान लहान येतात. येथें तसा कोणी एक म्होरक्या नसतो. शेंकडों धक्के एकामागून एक येतात, मोहोळ उठावें तसे. असें मोहोळ उठलें म्हणजे ज्वालामुखी फुटणार, असा मात्र नियम नाहीं. आपल्याकडे पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीच्या परिसरांत नोव्हेंबर २०१८ पासून असेंच मोहोळ उठलें आणि थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर निजले. तेथें ज्वालामुखी मुळींच नाहीं. पोत्सुओलीखालीं काय आहे, याविषयीं विद्वानांचा वाद आहे. कोणी म्हणतात, खोलवरच्या शिलारसांतून सुटणारे वायु जमिनीला रेटतात. कोणी म्हणतात, तापलेलें भूगर्भांतील पाणीच दाब वाढवितें. शिवाय जमीन जितके वेळां ताणली जाते तितकी ती दुबळी होते, म्हणून गेल्या दोन वेळां कांहीं झालें नाहीं यावरून पुढें होणार नाहीं असें धरूं नये, असा इशाराहि दिला गेला आहे.

२००५ पासून जमीन पुन्हां उचलूं लागली, आणि हा चौथा प्रसंग सुरू झाला. वीस वर्षांत ती सुमारें १.४ मीटर वर आली. २०१२ च्या डिसेंबरांत धोक्याचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. २० मे २०२४ च्या रात्रीं उठलेल्या मोहोळांत ४.४ मानाचा धक्का बसून सुमारें दीड हजार लोकांचीं घरें राहण्यास अयोग्य ठरलीं. पुढें १३ मार्च आणि ३० जून २०२५ रोजीं ४.६ मानाचे धक्के झाले. आतां मात्र पहारा १९७० सारखा तोकडा नाहीं. भूकंपमापक यंत्रें जमिनीवर व समुद्राच्या तळाशींहि आहेत. उपग्रह जमिनीची उंची मोजतात. सोल्फातारा या गंधकाच्या धुराच्या खळग्याजवळ वायूंची परीक्षा होते. नेपल्समधील कक्षांत रात्रंदिवस माणसें बसलेलीं असतात.

एवढें असूनहि त्या माणसांचें काम फार अवघड आहे. इटलींतच लाक्विला नांवाच्या शहरीं २००९ सालीं कित्येक महिने धक्के बसत होते. लोकांना दिलासा देण्यांत आला, आणि ६ एप्रिलला झालेल्या भूकंपांत ३०९ माणसें मेलीं. २०१२ सालीं सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना न्यायालयानें शिक्षा सुनावली. २०१४ सालीं शास्त्रज्ञ निर्दोष सुटले व अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. एका बाजूला लाक्विला आणि दुसऱ्या बाजूला रियोने तेर्रा! 'भिऊं नका' म्हणावें तर माणसें मरतील, 'निघा' म्हणावें तर तीन हजारांच्या जागीं पांच लक्ष बेघर होतील. कारण धोक्याच्या तांबड्या पट्ट्यांत आज सुमारें तेवढी वस्ती आहे. हुकूम सुटल्यापासून ७२ तासांत ती सारी हलवावयाची आणि इटलीच्या निरनिराळ्या प्रांतांनीं तिला आश्रय द्यावयाचा, अशी योजना सरकारनें आंखून ठेवली आहे. पण तो हुकूम सोडण्यासाठीं उद्रेकाची चाहूल ७२ तास आधीं लागली पाहिजे, आणि लागली तर ती खरी कीं १९८४ सारखी, हें त्याच क्षणीं ठरविलें पाहिजे.

वेधशाळेनें यावर जो मार्ग काढला आहे तो मला शहाणपणाचा वाटतो. ती भविष्य सांगत नाहीं. दर आठवड्याला ती एक पत्रक काढते: इतके धक्के बसले, जमीन इतके मिलिमीटर उचलली, वायूंचें मान इतकें. पोत्सुओलीचे लोक तें वाचतात, धक्क्यावरच्या होड्यांच्या तळाशीं किती पाणी उरलें तें पाहतात, आणि कामाला लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत तरी पत्रकावरचा रंग पिवळाच होता.