झिंगे (दोडका)

काकडीच्या कुलातील वेल. शास्त्रीय नाव लुफा ॲक्युटँग्युला. बंगालीत झिंगे, मराठीत दोडका किंवा शिराळे. बंगालमध्ये हे उन्हाळी व पावसाळी पीक आहे. नर व मादी अशी पिवळी फुले एकाच वेलीवर येतात आणि सायंकाळी उमलतात. मांडवावर चढवलेल्या वेलीची फळे सरळ वाढतात, मातीला टेकून कुजत नाहीत. आत जाळी धरण्यापूर्वी ती कोवळीच तोडावी लागतात.

पाणचट म्हणून ही भाजी कमी लेखली जाते. परंतु तिचे पाणी हाच तिचा खरा गुण होय. बंगालमधील बांकुडा, बीरभूमकडच्या झिंगे-पोस्तोत (पोस्तो म्हणजे खसखस) मोहरीच्या तेलात कलौंजीची फोडणी देऊन फोडी झाकून शिजवतात. वरून पाणी फारसे लागत नाही. सुटलेल्या रसातच वाटलेली खसखस मिळून येते. चव खसखशीची, दोडक्याची नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही, कारण खसखस नसलेल्या झिंगे-चिंगडीत हाच रस कोळंबीला पुरतो आणि सालींचे ‘बाटा’ (वाटण) तर दोडक्याच्याच चवीवर उभे असते. महाराष्ट्रातील शिरांची चटणी त्याच जातीची. कडू निघालेले फळ मात्र टाकून द्यावे. त्यातील कुकर्बिटॅसिनने पोट बिघडते आणि शिजवूनही ते जात नाही.