न जन्मलेल्यांची संमति

सूर्य सोडला तर आपणांस सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा होय. त्याचा प्रकाश येथवर येण्यास सव्वाचार वर्षें लागतात. १९७७ सालीं सोडलेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें जात आहे. त्या गतीनें हें अंतर तोडण्यास सत्तर हजारांहून अधिक वर्षें लागतील. वेग शंभरपट वाढविला तरी सातशें वर्षें उरतातच. अर्थात् जो निघेल तो पोंचणार नाहीं, आणि जो पोंचेल तो निघालेला नसेल. मधल्या पिढ्यांनीं वाटेंतच जन्मावें आणि वाटेंतच मरावें, हाच एक मार्ग राहतो.

ही कल्पना नवी नव्हे. अग्निबाणविद्येचे अमेरिकन आचार्य रॉबर्ट गॉडर्ड यांनीं १९१८ सालीं तिच्यावर टिपण लिहून तें लिफाफ्यांत बंद करून ठेविलें होतें. पुढें कथाकारांनीं ती उचलली. डॉन विल्कॉक्स यांच्या १९४० मधील कथेंत सहाशें वर्षांनीं पोंचलेल्या यात्रेकरूंना दिसतें कीं, मागाहून निघालेल्या वेगवान यानांनीं तेथें आधींच वसाहत केली आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांनीं १९४१ सालीं याहून भेदक चित्र रेखाटलें. त्यांच्या यानांतील लोक प्रवासाचा हेतूच विसरले आहेत. यान हेंच अखिल विश्व, अशी त्यांची श्रद्धा आहे. पूर्वजांची प्रतिज्ञा वंशजांच्या लेखीं दंतकथा झाली!

प्रत्यक्षांत असा प्रयोग भूमीवरच झाला. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत १९९१ सालीं आठ स्त्रीपुरुष 'बायोस्फिअर-२' नामक बंदिस्त काचमंदिरांत दोन वर्षांसाठीं राहिले. मातींतील सूक्ष्म जंतूंनीं प्राणवायु इतका खाल्ला कीं, त्याचें प्रमाण शेंकडा २१ वरून सुमारें १४ वर आलें. अखेर बाहेरून प्राणवायु सोडावा लागला. तेथें 'बाहेर' होतें म्हणून निभावलें. शिवाय तीं आठही माणसें स्वखुशीनें आंत गेलीं होतीं.

आतां कोणी म्हणेल, जन्मस्थान कोणास विचारून मिळतें? १८३४ पासून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत मराठी माणसेंही होतीं. करार बापानें केला, मुलांना कोणीं विचारलें? आक्षेप खरा आहे. पण त्या मुलांना निदान दुसरें गांव, दुसरा धंदा, परतीचें जहाज यांची आशा तरी धरतां येत होती. यानांत जन्मलेल्या मुलीस तीही नाहीं. यंत्रें चालू राहण्यासाठीं तिनें कोणतें काम शिकावें, आणि माणसांची संख्या टिकावी म्हणून किती अपत्यांना जन्म द्यावा, हें तिच्या पणजोबांनीं ठरवून टाकलेलें असतें. परतावें म्हटलें तर इंधन नाहीं.

पृथ्वीच राहण्याजोगी उरली नाहीं, तर गोष्ट निराळी. बुडत्या नौकेंतून लेंकरूं होडींत घालणाऱ्या आईस कोणी दोष देत नाहीं. परंतु घर शाबूत असतां केवळ कीर्तीसाठीं लेंकरांना समुद्रांत लोटणें, हें साहस नव्हे. स्वतःचा प्राण पणास लावणारा वीर ठरतो. नातवाचा लावणाऱ्यास तें नांव देतां येत नाहीं. म्हणून ज्या यानास परतीची वाट नाहीं, त्यांत अपत्यांना जन्म देण्याचा बेत करणाऱ्यांनीं आधीं या प्रश्नाचें उत्तर द्यावें. इंधनाचा हिशेब मागाहून पाहतां येईल.